बंड इथले, तंत्र तिथले

बोरिवलीतील आमच्या शेजारच्या घरात काही वर्षांपूर्वी एक वाद रंगला होता. घरातील मुलीला ब्रिटनमधील एका विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी प्रवेश मिळाला होता. विषय होता स्त्री-अभ्यास. वडिलांनी शैक्षणिक कर्जाच्या कागदांवर सह्या केल्या, पण मनातली शंका त्यांनी बोलून दाखवलीच. संगणक किंवा व्यवस्थापन शिकायला कुणी परदेशी गेले तर समजते. स्त्रीवाद शिकायला एवढे पैसे मोजून सातासमुद्रापार कशाला जायचे? शिवाय तिकडचे विचार घेऊन आलेली मुलगी इकडच्या घरात रुळेल का? आजी कोपऱ्यात शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत.

त्या वडिलांची शंका नवी नाही. स्त्रीवाद हे पाश्चात्त्यांचे खूळ, परदेशी शिकायला गेलेल्या मुलींनी ते सामानात बांधून आणले, हा समज महाराष्ट्रात निदान सव्वाशे वर्षे टिकून आहे. तो वाद घालून खोडता येईल असे वाटत नाही. मात्र तारखा एकापुढे एक मांडून पाहिल्या तर काही वेगळेच दिसू लागते.

पंडिता रमाबाईंपासून सुरुवात करू. 1882 साली त्या पुण्यात आल्या तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या, विधवा होत्या आणि कडेवर लहान मनोरमा होती. त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन मुलींसाठी शिक्षिका आणि स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हवेत अशी मागणी केली. इंग्लंडच्या बोटीत त्या चढल्या 1883 मध्ये. तिकिटासाठी लागणाऱ्या पैशाला त्याच पुस्तकाच्या विक्रीचा हातभार लागला होता. योगायोग असा की 1882 मध्येच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ प्रसिद्ध झाले. ताराबाईंनी परदेशच काय, परदेशाची बोटही पाहिली नसावी. पण पुरुषांनी स्त्रियांवर लादलेल्या दोषांची यादी पुरुषांवरच उलटवणारे इतके धारदार मराठी त्यापूर्वी कुणी लिहिलेले नव्हते. त्याच्याही आधी, 1855 मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि त्यात त्या समाजातील बाळंतिणींच्या हालांचाही उल्लेख केला. यातला कोणताही विचार बोटीने आलेला नव्हता.

रखमाबाईंचे उदाहरण तर याहून स्पष्ट आहे. लहानपणी, अकराव्या वर्षी झालेले लग्न आपल्याला मान्य नाही, असे सांगत गिरगावच्या या तरुणीने नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. पती दादाजी भिकाजी यांनी 1884 मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. 1885 मध्ये निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, पण अपिलात प्रकरण फिरले आणि मार्च 1887 मध्ये न्यायालयाने फर्मावले की नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. दरम्यान ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने त्यांची बालविवाहावरील पत्रे प्रसिद्ध झाली होती आणि त्यांवर इंग्लंडातही चर्चा झाली होती. अखेर 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. एवढे सगळे घडून गेल्यावर 1889 मध्ये रखमाबाई लंडनला गेल्या. स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून 1894 मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि परतल्यावर सुरत व राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर रुग्णसेवा केली. लंडनने त्यांना बंड शिकवले असे म्हणण्याला काही आधार नाही. उलट, त्यांच्या खटल्याने उठवलेल्या वादळाचा परिणाम म्हणून जी चर्चा झाली, तिचा 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यात मोठा वाटा होता.

मग परदेशी शिक्षणाने दिले तरी काय? माझ्या मते रमाबाईंच्या इंग्लंड-अमेरिकेतील सहा वर्षांत याचे उत्तर सापडते.

इंग्लंडमध्ये त्या वाँटेज येथील भगिनी-मठात राहिल्या, त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या महाविद्यालयात शिकता शिकता संस्कृत शिकवू लागल्या. डॉक्टर होण्याची इच्छा होती, पण ऐकू कमी येत असल्याने ती सोडावी लागली. येथपर्यंतची गोष्ट अनेकांना ठाऊक असते. फारशी सांगितली न जाणारी गोष्ट पुढे आहे. रमाबाईंनी तरुण पुरुषांनाही संस्कृत शिकवावे, असा प्रस्ताव आला तेव्हा भारतातील बिशपांनी त्याला हरकत घेतली. स्त्रीने पुरुषांना शिकवणे हिंदुस्थानात अशोभनीय मानले जाईल, असे त्यांचे म्हणणे. ज्या बाईने काशीपासून कलकत्त्यापर्यंतच्या शास्त्री-पंडितांच्या सभांत पुराणे सांगितली, ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळवल्या, तिला हे इंग्लंडात ऐकावे लागले! रमाबाईंनी पत्रांतून त्याला अतिशय स्वाभिमानी उत्तर दिले. आपले विवेकस्वातंत्र्य आपण कुणाच्याही हाती सोपवलेले नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. परदेशातील पुरुषसत्ता त्यांनी अशी जवळून पाहिली. तिचा झगा निराळा होता, एवढेच.

1886 च्या मार्चमध्ये त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाचे. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाई 11 मार्च 1886 रोजी डॉक्टर झाल्या. समारंभाला गेलेल्या रमाबाई मात्र जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या आणि याच काळात त्या खऱ्या अर्थाने विद्यार्थिनी झाल्या, असे मला वाटते. त्यांनी बालवाडीची शिक्षणपद्धती शिकून घेतली. स्त्रियांची महाविद्यालये, क्लब, वाचनगृहे, मद्यपानविरोधी संघटना आणि मताधिकार मागणाऱ्या सभा पाहिल्या. तेथील बायका ठराव कसा मांडतात, वर्गणी कशी गोळा करतात, हिशेब कसा छापतात, पन्नास गावांतल्या पन्नास शाखा एकाच सूत्रात कशा ओवतात, याचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले. 1887 मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियात निघाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बोस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. या संस्थेने हिंदुस्थानातील विधवागृहाचा खर्च दहा वर्षे चालवण्याचे आश्वासन दिले. गावोगावी तिची मंडळे निघाली आणि सभासद दरवर्षी ठरावीक वर्गणी भरू लागले. एका परक्या देशातील हजारो बायकांकडून नियमित वर्गणी मिळवणारी ही मराठी बाई आज कुठल्याही व्यवस्थापन संस्थेत अभ्यासाचा विषय व्हावी.

परतल्यावर 1889 मध्ये त्यांनी अमेरिकेतील लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले, ते मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापले गेले. या पुस्तकात अमेरिकेचे कौतुक भरपूर आहे, पण डोळे मिटून केलेले नाही. गुलामगिरीचा इतिहास, काळ्या लोकांना मिळणारी वागणूक, मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय या सगळ्याची नोंद त्यांनी घेतली. ज्या देशात बहुतेक राज्यांतील स्त्रियांना मताचा अधिकार नाही, तेथील स्त्री स्वतंत्र आहे असे कसे म्हणायचे, हे त्यांना दिसत होते. एखाद्या देशाकडून काय घ्यायचे आणि काय तिथेच ठेवून यायचे, याचा हा मराठीतील एक उत्तम धडा आहे. आपल्याकडे शाळेत तो कुणी नेमत नाही, ही खंतही येथे नोंदवून ठेवतो.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. येथून या कथेचा रस्ता थेट आपल्या उपनगरांत येतो, फक्त तो जरा वळणावळणाचा आहे.

शारदा सदनात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई जोशी. 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई, पुढे सर्वांच्या ‘बाया’ कर्वे झाल्या. त्याच वर्षी शारदा सदनात धर्मांतराचा वाद पेटला. न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे हिंदू सल्लागार बाहेर पडले, आणि परदेशी पैसा व परदेशी धर्म हा आरोप रमाबाईंना जन्मभर चिकटला. त्या आरोपात काहीच तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. विद्यार्थिनी त्यांच्या प्रार्थनेला बसत होत्या, आणि पालकांची भीती समजण्यासारखी होती. पण ते रोप एकाच कुंडीत राहिले नाही. कर्व्यांनी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती पडली आणि 1915 मध्ये त्यांनी मुंबईतील सामाजिक परिषदेत स्त्रियांच्या विद्यापीठाची कल्पना मांडली. 1916 मध्ये विद्यापीठ सुरू झाले. पुढे ठाकरसी यांच्या पंधरा लाखांच्या देणगीनंतर ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. आज अंधेरी, विलेपार्ले, सांताक्रूझकडच्या मुली ज्या जुहू संकुलात रिक्षाने किंवा बेस्टच्या बसने जातात, ते या विद्यापीठाचेच. म्हणजे बोस्टनच्या बायकांची वर्गणी, चौपाटीवरचे विधवागृह, पुण्याजवळची झोपडी आणि टोकियोहून आलेली पुस्तिका असा प्रवास करत ही गोष्ट जुहूला पोहोचली.

या प्रवासातील एका व्यक्तीची ओळख महाराष्ट्र जवळपास विसरला आहे. बाया कर्वे यांची बहीण पार्वतीबाई आठवले याही विधवा. हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून त्या निधी जमवत. इंग्रजी येत नाही, त्यामुळे बडोदे-इंदूरच्या बाहेरच्या लोकांशी बोलता येत नाही, ही अडचण त्यांना सतत जाणवे. मग काय करावे? वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, या बाई इंग्रजी शिकण्यासाठी आणि आश्रमाला मदत मिळवण्यासाठी एकट्या अमेरिकेला गेल्या. हातात पैसे नव्हते. तेव्हा लोकांच्या घरी भांडी घासून, घरकाम करून त्या राहिल्या आणि तशाच शिकल्या. 1928 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात हे सारे त्यांनी साध्या, जराही न सजवलेल्या भाषेत लिहिले आहे. आज परदेशी हॉटेलात भांडी विसळून शिक्षणाचा खर्च भागवणाऱ्या आपल्या मुलामुलींना वाटत असेल की असे करणारी आपली पहिलीच पिढी. तशी ती नाही.

आता उलट बाजूही सांगायला हवी, नाही तर हा लेख एकांगी होईल. काही वेळा ठिणगी खरोखरच बाहेरून आली. 1911 मध्ये काश्मीरच्या सहलीत मुंबईच्या हेराबाई टाटा यांची गाठ राजकन्या सोफिया दुलीपसिंग यांच्याशी पडली. सोफिया लंडनच्या मताधिकार चळवळीत होत्या आणि त्यांच्या पोशाखावर त्या चळवळीचा बिल्ला होता. त्या बिल्ल्यावरून निघालेल्या गप्पांनी हेराबाई आणि त्यांची मुलगी मिठन या दोघींना चळवळीत ओढले. 1919 मध्ये भारतीय स्त्रियांच्या मताधिकाराची बाजू मांडण्यासाठी मायलेकी लंडनला गेल्या. विलायतेतील समितीने प्रश्न प्रांतिक कायदेमंडळांवर सोपवला. मिठन मात्र लंडनलाच राहिल्या, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून अर्थशास्त्राची पदवी घेतली, 1923 मध्ये बॅरिस्टर झाल्या आणि परतल्यावर मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागल्या. दरम्यान 1921 मध्ये मद्रासपाठोपाठ मुंबई प्रांतानेही स्त्रियांवरील मताची बंदी उठवली होती. येथे कल्पना आली बाहेरून, पण तिला कायद्याचे रूप मिळाले ते मुंबईतील बायकांच्या सभांमुळे आणि अर्जांमुळे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणखी एक गोष्ट घडली. मुंबईत जन्मलेल्या चंद्रा तळपदे-मोहंती अमेरिकेत शिकत असताना त्यांच्या लक्षात आले की तेथील स्त्रीवादी पुस्तकांत ‘तिसऱ्या जगातील स्त्री’ ही एकच बाई पुन्हा पुन्हा भेटते: गरीब, अडाणी, दबलेली आणि पाश्चात्त्य भगिनीने येऊन सोडवावी अशी. 1980 च्या दशकात त्यांनी या चित्राची चिरफाड करणारा निबंध लिहिला. जगभरच्या विद्यापीठांत तो आजही शिकवला जातो. निपाणीची विडी कामगार, गिरणगावातील खानावळवाली आणि मलबार हिलवरची गृहिणी यांना एकाच साच्यात कोंबता येणार नाही, हे तिकडच्या वर्गात ठासून सांगणे त्यामुळे सोपे झाले. उलट प्रवासही झाले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थिनी गेल ऑम्वेट सत्यशोधक चळवळीच्या संशोधनासाठी 1970 च्या सुमारास महाराष्ट्रात आल्या, सांगली जिल्ह्यातील कासेगावच्या सूनबाई झाल्या आणि शेतमजूर स्त्रियांकडून जे शिकल्या ते त्यांनी जगाला इंग्रजीत सांगितले. 2021 मध्ये कासेगावातच त्यांचे निधन झाले.

इकडे मुंबईतही स्त्री-अभ्यास ही विद्याशाखा आकार घेत होती. नीरा देसाई यांनी 1974 मध्ये एसएनडीटी विद्यापीठात स्त्रीविषयक संशोधनाचे केंद्र सुरू केले, देशातील अशा प्रकारचे ते पहिले. स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषदही 1981 मध्ये याच विद्यापीठात भरली. तेव्हा हा विषय शिकायला ब्रिटनलाच जायला हवे असे नाही, हे आमच्या शेजाऱ्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. जुहू बोरिवलीहून तासाभराच्या अंतरावर आहे.

तरीही ती मुलगी गेली, आणि गेली हे बरे झाले असे आता मला वाटते. पहिल्याच हिवाळ्यात ती रात्रीच्या एका मोर्चात सहभागी झाली. ‘रात्र आमचीही आहे’ असे सांगत बायका गटागटाने शहरातून चालतात. 1977 मध्ये लीड्स आणि इतर शहरांत याची सुरुवात झाली. त्या भागात एक खुनी मोकाट होता आणि पोलिसांनी बायकांना घराबाहेर पडू नका असा सल्ला दिला होता. त्यावर, बाहेर पडायचे थांबायचे असेल तर ते पुरुषांनी थांबावे, असे बायकांचे उत्तर होते. दुसऱ्या दिवशी फोनवर ती आईला म्हणाली, ‘अगं, मला वाटायचं इथे रात्री भीती नसेल. इथेही मुली किल्ल्या बोटांत धरून चालतात.’ रात्री अकराच्या बोरिवली लोकलमध्ये महिलांच्या डब्यात पोलीस चढला का, हे पाहून बसणाऱ्या तिच्या आईला यात काहीच नवल वाटले नाही.

मग तिला वर्गात एक काम मिळाले. आपापल्या गावातील स्त्रियांच्या एखाद्या चळवळीवर प्रबंध लिहायचा. पोलंडच्या मुलीने 2016 मधील काळ्या कपड्यांतील निदर्शनांवर लिहायचे ठरवले. आइसलँडचा एक मुलगा 24 ऑक्टोबर 1975 च्या संपावर लिहिणार होता, ज्या दिवशी त्याच्या देशातील बहुसंख्य बायकांनी घरचे आणि दारचे काम बंद ठेवले होते. आमच्या बोरिवलीकर मुलीला ब्रिटनच्या मताधिकारवाद्यांची नावे पाठ होती. आपल्या गावातील चळवळ म्हटल्यावर मात्र ती गप्प झाली. ‘मला लाज वाटली,’ असे तिने नंतर सांगितले. रात्री तिने घरी फोन केला आणि विचारले, आपल्याकडे असे काही झाले होते का?

आईने फोन आजीकडे दिला.

या आजी लग्न होऊन गोरेगावला आल्या होत्या. मृणाल गोरे यांचे गोरेगाव! वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडून समाजवादी चळवळीत आलेल्या मृणालताई आधी ग्रामपंचायतीत, 1961 मध्ये मुंबई महापालिकेत आणि 1972 मध्ये विधानसभेत निवडून गेल्या. उपनगरांच्या नळांना पाणी यावे म्हणून त्यांनी इतके मोर्चे काढले की लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. 1972 च्या दुष्काळात धान्य, तेल आणि रॉकेल यांचे भाव भडकले तेव्हा त्या, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांतील बायकांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन केली. लाटणी हातात घेऊन हजारो गृहिणी रस्त्यावर आल्या. ठरलेल्या वेळी घराघरांतून थाळ्या वाजू लागल्या. पक्षभेद विसरून एकत्र बसणे, घरातल्या वस्तूचे निशाण करणे, ज्या बाईने आयुष्यात कधी भाषण ऐकले नाही तिला मोर्चात आणणे, हे सगळे संघटनेचे तंत्रच होते. त्यासाठी कुणी बोस्टनला गेले नव्हते. पुढे आणीबाणीत मृणालताई तुरुंगात गेल्या, 1977 मध्ये खासदार झाल्या, आणि 2012 मध्ये त्यांचे निधन झाले.

आजींनी नातीला तासभर सगळे सांगितले. नात प्रश्न विचारत होती ते वर्गात शिकवलेल्या पद्धतीने: तुम्हाला निरोप कोण द्यायचे? वर्गणी किती होती? भाषण कुणी केले? घरी कुणाची परवानगी घेतलीत? इतक्या वर्षांत हे प्रश्न आजींना कुणी विचारले नव्हते, मुलानेही नाही. बाबा शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद करून ऐकत होते. चाळीतल्या सात बायका मिळून गेल्या होत्या, आजी म्हणाल्या. आठवी निघाली होती, पण तिच्या नवऱ्याने तिचे लाटणे लपवले, म्हणून ती पळी घेऊन आली. मोर्चा संपल्यावर पुढे सभा होती, ती मात्र त्यांना ऐकता आली नाही. संध्याकाळची गाडी पकडून परत यायचे होते, कारण पोळ्या लाटायच्या होत्या आणि लाटणे एकच होते.